पूर्वजांचा बाजार आणि आमच्या वह्या

नांदेडहून हिंगोलीकडे जाताना अर्धापूर मागे पडले की रस्त्याच्या दोहो बाजूंना केळीचे व हळदीचे मळे लागतात आणि पुढे कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा येते. या गावात, किंबहुना मराठवाड्यातील कोणत्याही गावात, अलीकडे पारावर जी भाषा ऐकू येते ती पूर्वी तहसील कचेरीतील कारकुनाखेरीज कोणाच्या तोंडी नसे. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, प्रवेश-निर्गम उतारा, गाव नमुना १४ हे शब्द आता विशीतल्या मुलांना पाठ आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदी हुडकण्याचे काम सुरू झाले आणि वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेली उर्दू व मोडी कागदांची गाठोडी सुटली. पाने स्कॅन झाली. सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटविषयीचा शासन निर्णय निघाल्यावर तर या शोधाला आणखीच भरती आली. पणजोबांचे नाव खिशातल्या फोनमध्ये घेऊन हिंडणारी ही पहिलीच पिढी असावी.

आरक्षणाच्या वादात शिरण्याचा आमचा मानस नाही. तो विषय जाणकारांचा आहे, आणि ज्यांच्या पोटाशी तो निगडित आहे त्यांचा आहे. आमचे लक्ष त्यातील दुसऱ्याच एका गोष्टीकडे गेले. वंशावळ ठेवणे हे आपल्याकडे पिढीजात व्यवसायाचे काम होते. भाट होते, दक्षिणेकडे हेळवी होते, त्र्यंबकेश्वर व नाशिकचे तीर्थोपाध्याय यजमानांच्या नावांच्या वह्या आजही राखून आहेत. यजमान दारी आला की वही उघडायची, आजोबा-पणजोबांची नावे वाचून दाखवायची, नव्या जन्मांची भर घालायची आणि दक्षिणा घ्यायची, अशी ती रीत. आता वंशावळ शपथपत्रावर लिहितात, महा-ई-सेवा केंद्रावर अपलोड करतात आणि जात पडताळणी समितीपुढे ठेवतात. भाटाची जागा यंत्राने घेतली एवढेच याचे वर्णन पुष्कळ लोक कौतुकाने करतात. २०२५ साली रुडकीच्या आयआयटीतील संशोधकांनी मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी संगणकीय यंत्रणा सिद्ध केल्याची बातमी आली, तेव्हा ‘आता मोडी वाचकांची गरजच उरली नाही’ असे म्हणणारेही भेटले. यंत्र वाचू लागले, म्हणजे घराण्याचा इतिहास आपोआप हाती आला, अशी ही समजूत आहे. तिच्याविरुद्ध आम्हांला काही लिहायचे आहे.

खासरा पत्रकात नाव कोणाचे असते? ज्याची जमीन आहे त्याचे, किंवा जो ती कसतो त्याचे. प्रवेश-निर्गम नोंदवहीत कोणाचे असते? जो शाळेत गेला त्याचे. ज्याला जमीन नव्हती आणि ज्याचा मुलगा शाळेच्या पायरीवर चढला नाही, त्याचे नाव निजामाच्या दप्तरात सापडण्याची आशा फार थोडी. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही त्याला जागा मिळणे दुर्घटच होते. नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली सत्याग्रह का करावा लागला हे वाचकांना सांगावयास नको. आणि स्त्री? शपथपत्रावरील वंशवृक्ष बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे असा सरळ खाली उतरतो. त्यात आई नसते, आजी नसते, लग्न होऊन गेलेली बहीण नसते. यंत्राने जे लिहिलेले आहे त्याचा वेग वाढवला, जे लिहिलेच नव्हते ते ते कोठून आणणार? उलट धोका असा की, पूर्वी ‘त्यांची नोंद मिळत नाही’ असे म्हणत, आता शोधपेटीत नाव टाकून उत्तर शून्य आले की तो माणूस नव्हताच असे लोक धरून चालतात. संगणकाच्या शून्याला कारकुनाच्या ‘नाही’पेक्षा अधिक वजन आले आहे.

येथे आपल्या ख्रिस्तसभेचा एक जुना उद्योग आठवावासा वाटतो. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी विवाहांची वही ठेवण्याची आज्ञा धर्मगुरूंना दिली, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातापित्यांची नावेही लिहून ठेवावयास सांगितली. कारण त्या नात्यामुळे पुढे विवाहास बाध येत असे. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि धर्मग्रामातील घरोघरची माणसे अशा पाच वह्यांचा नमुनाच घालून दिला.  जमीनदाराचे बाळ आणि त्याच्या गोठ्यात राबणाऱ्याचे बाळ एकाच पानावर, एकाखाली एक, ही या वह्यांची रीत.

मराठवाड्यात ही रीत फार उशिरा आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सव्हॉय प्रांताकडील फ्रान्सालियन फादर घोगरगावच्या परिसरात फिरू लागले. आजचा औरंगाबाद धर्मप्रांत तर १९७७ साली अमरावतीपासून वेगळा झाला. या धर्मगुरूंनी ज्यांना बाप्तिस्मा दिला ते बहुतांशी गावकुसाबाहेरचे लोक होते. ज्याने जुनी मिशनवही उघडून पाहिली असेल त्याला त्या नोंदींचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. तांबूस पडलेली शाई, लॅटिन शब्द, फ्रेंच वळणाने लिहिलेली मराठी नावे. बापाचे नाव, आईचे नाव, गाव, धर्मपिता, धर्ममाता. (धर्ममातेच्या रकान्यात पानामागून पान एकाच बाईचे नाव येते, ती बहुधा कॅटेकिस्टची पत्नी. अर्ध्या गावाची धर्ममाता झालेल्या त्या बाईवर कोणी चार ओळी लिहिल्या आहेत काय?) ज्या घराण्याचे नाव पाटलाच्या दप्तरात, तलाठ्याच्या दप्तरात, भाटाच्या बाडात कोठेच नव्हते, त्याचे नाव, आणि तेही आईच्या नावासह, प्रथम कोठे लिहिले गेले असेल तर या वहीत. डोंगरकड्यासारख्या गावी एखादे ख्रिस्ती घर असले, तर त्याची जुनी नोंद त्या गावी नसते, हिंगोलीसही नसते. आजोबा ऊसतोडीला किंवा दुष्काळात जेथे गेले आणि ज्या मिशनठाण्यावर त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेथल्या कपाटात ती असते.

आता त्या कपाटाकडे वळण्यापूर्वी जगात काय चालले आहे ते पाहू. हिंगोली हे एके काळी हैदराबाद कंटिंजंट फौजेचे छावणीचे ठाणे होते. १९०३ मध्ये ती फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. भारतभरच्या अशा छावण्यांतील गोऱ्या कुटुंबांच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या नकला कंपनी सरकारच्या काळापासून लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि २०१४ पासून फाइंडमायपास्ट नावाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर पैसे भरून कोणालाही पाहता येतात. एखाद्या साहेबाचे तापाने दगावलेले मूल दीडशे वर्षांनंतर त्याच्या खापरपणतूला मँचेस्टरमध्ये बसून चहा निवण्याआधी सापडते. त्या साहेबाच्या घरी स्वयंपाक करणाऱ्याचे, घोड्याला दाणावैरण घालणाऱ्याचे मूलही त्याच साथीत गेले असेल. त्याचा शोध घेणारा कोणी नाही, आणि असला तर त्याच्यासाठी संकेतस्थळ नाही. वंशशोधाचे हे जे नवे साम्राज्य उभे राहिले आहे, त्यात कोणाचे पूर्वज आधी सापडतात हा प्रश्न तंत्राचा नाही.

अमेरिकेतील युटा राज्यात मॉर्मन पंथीयांच्या वंशावळी संस्थेने १९३८ पासून जगभरच्या नोंदींचे मायक्रोफिल्म घेण्यास आरंभ केला. सॉल्ट लेक सिटीजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात खोदलेल्या तळघरात त्या फिल्म ठेवल्या आहेत. सुमारे चोवीस लाख रिळांचे संगणकीकरण २०२१ मध्ये पूर्ण झाले, आणि फॅमिलीसर्च या नावाने ते भांडार सर्वांना फुकट खुले आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेही चित्रीकरण त्यांनी केले. यामागील त्यांचा हेतू लपलेला नाही: मृत पूर्वजांच्या नावे आपल्या मंदिरात बाप्तिस्मा देण्याची त्यांची श्रद्धा आहे. म्हणूनच ५ एप्रिल २००८ रोजी व्हॅटिकनच्या धर्मगुरूविषयक मंत्रालयाने जगातील बिशप परिषदांना पत्र पाठवून, धर्मग्रामांच्या नोंदवह्या चित्रीकरणासाठी या संस्थेच्या हाती देऊ नयेत असे सांगितले. ती आज्ञा योग्यच होती. जे आपल्या विश्वासात जगले आणि मरण पावले त्यांच्या नावांचा परस्पर उपयोग कोणी करू नये, हे म्हणण्याचा ख्रिस्तसभेला अधिकार आहे, आणि तो बजावल्याबद्दल आम्हांला काडीचाही संकोच वाटत नाही.

पण परक्याला ‘नको’ म्हणून झाल्यावर घरात काय केले? हा प्रश्न आम्ही आपल्या धर्मगुरूबंधूंना स्पष्टपणे विचारतो. त्या पत्राला सतरा वर्षांहून अधिक काळ लोटला. इतक्या अवधीत किती धर्मप्रांतांनी आपल्या प्रत्येक जुन्या वहीची एक प्रत तयार करून दुसऱ्या गावी सुरक्षित ठेवली? १९८३ च्या कायदेसंहितेतील ५३५ वे कलम जुन्या वह्यांचे काळजीपूर्वक जतन करावयास सांगते. लोखंडी कपाटाला कुलूप घालणे आणि किल्ली कोणाकडे आहे ते विसरणे याला जतन म्हणत नाहीत. वाळवीला कुलूप उघडावे लागत नाही. पावसाळ्यात सॅक्रिस्टीची भिंत पाझरते, दोन पाने एकमेकांना चिकटतात, आणि ती सोडवताना दोहोंवरील नावे निघून येतात. ती नावे पुन्हा कोणत्याही समितीला सापडावयाची नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जे पूर आले त्यांत कोणाची घरे गेली, कोणाची जनावरे गेली. त्या दुःखापुढे कागदाचे काय, असे कोणी म्हणेल. पण ज्यांचे घर गेले त्यांचे नाव तरी राहावे असे आम्हांला वाटते.

कोणी आपला दाखला मागावयास आला की ‘उद्या या’, ‘फादर बाहेर आहेत’, ‘लग्न आहे का? मग जुनी वही कशाला?’ ही उत्तरे पुष्कळ कार्यालयांत ऐकू येतात. स्वतःच्या स्थितीविषयीच्या कागदाची अधिकृत प्रत मिळणे हा माणसाचा हक्क आहे असे तीच संहिता ४८७ व्या कलमात म्हणते. परक्या हाती वही जाऊ नये असेही तीच म्हणते. ज्याचे नाव त्या पानावर आहे त्याचा नातू परका कसा, हे आम्हांला समजत नाही.

इतके वाचून आमचे शहरातील आणि आखातातील वाचक म्हणतील, ‘फादर, मग उपाय सोपा आहे. सर्व वह्या स्कॅन करा आणि इंटरनेटवर टाका. लपवायचे काय आहे?’ हा प्रश्न आम्हांला अनेकदा विचारला गेला आहे, आणि विचारणारे भले लोक आहेत. त्यांचे आडनाव तीन-चार शतकांचे आहे, त्यांच्या घराण्याच्या ख्रिस्तीपणाबद्दल कोणाला शंका नाही आणि त्यामुळे त्यांचे काही जात नाही. आम्ही त्यांना गोदावरीखोऱ्यातील एका घराची कल्पना करावयास सांगतो.

त्या घरातील आजोबांना वहीत योहान्नेस असे नाव आहे. वस्तीत त्यांना योहान म्हणतात. शाळेच्या दाखल्यावर मात्र ते जनार्दन आहेत आणि पुढे हिंदू असे लिहून त्यांची मूळ जात दिली आहे. हे का झाले? १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूंखेरीज अन्य धर्मीयांस अनुसूचित जातींतून वगळले. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात पुन्हा स्थान मिळाले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. गावाने त्यांची जात कधी विसरली नाही, पाणवठ्यावर विसरली नाही, स्मशानात विसरली नाही. फक्त कायद्याने विसरली. मुलाला वसतिगृह मिळावे, मुलीला नोकरी मिळावी म्हणून एका माणसाला दोन नावांनी जगावे लागले. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका तरुणीचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. तिचे म्हणणे ती हिंदू आहे असे होते. तिच्याविरुद्ध जो पुरावा आला त्यात तान्हेपणी झालेल्या तिच्या बाप्तिस्म्याची नोंदही होती, तारखेसह आणि चर्चच्या नावासह. न्यायालयाच्या निकालावर टीका करणे आमच्या हेतूत नाही. आम्ही एवढेच दाखवतो की, जी ओळ एका धर्मगुरूने कृपेची खूण म्हणून लिहिली, ती न्यायालयात प्रतिवादीचा कागद होऊ शकते. आज ती ओळ शोधण्यासाठी कोणाला तरी त्या गावी जावे लागते, कपाट उघडवावे लागते. उद्या तीच ओळ शोधपेटीत आली तर ज्याला भाऊबंदकीचा सूड उगवावयाचा आहे, निवडणुकीतील प्रतिस्पर्ध्याचे जात प्रमाणपत्र रद्द करवायचे आहे, त्याला घरबसल्या मिळेल.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, ही लबाडीला साथ झाली. आम्ही ते मान्य करीत नाही. वहीतील एक अक्षरही खोडण्याचा वा बदलण्याचा अधिकार कोणा धर्मगुरूला नाही, न्यायालयाने रीतसर मागितली तर वही दाखवावीच लागेल, आणि खोटा दाखला देणाऱ्याचा आम्ही कधीही कैवार घेणार नाही. परंतु सत्य लिहून ठेवणे वेगळे आणि ते चव्हाट्यावर टांगणे वेगळे. वैद्यही खरे तेच लिहितो, म्हणून तो रोग्याचा कागद वेशीवर लावत नाही. अन्याय आधी आदेशात आहे. त्याचा जाब ज्याने दोन नावे धारण केली त्याला का विचारता? दुसरा आक्षेप कायद्याचा. तो उलट आमच्याच बाजूचा आहे. संसदेने २०२३ साली संमत केलेला वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा कागदावरून पुढे डिजिटल केलेल्या माहितीलाही आपल्या कक्षेत घेतो. वही कपाटात आहे तोवर ती वही आहे. तिचे छायाचित्र काढून ते संगणकात शिरले की जिवंत माणसांविषयीच्या मजकुराची कायदेशीर जबाबदारी डोक्यावर येते. हौशी मंडळी फोनवर पानेच्या पाने टिपून कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकतात, त्यांत शेजारच्या चार घरांच्याही नोंदी असतात, याचा विचार कोणी करीत नाही.

रक्त तपासून, नव्हे थुंकी तपासून, पूर्वज शोधण्याची जी टूम निघाली आहे तिच्याविषयी थोडक्यात. वसई, गोवा आणि परदेशातील काही आप्त ‘आमच्यात अमुक टक्के पोर्तुगीज निघाले’ असे लग्नसमारंभात सांगतात आणि ऐकणारे माना डोलावतात. हे टक्के कोठून येतात? आपल्या नमुन्याची तुलना कंपनीजवळ असलेल्या आजच्या माणसांच्या नमुन्यांशी करून तो अंदाज बांधलेला असतो. कंपनीने आपला संग्रह वाढवला की त्याच माणसाचे टक्के बदलतात, पणजोबा मात्र होते तेथेच असतात. त्या संग्रहांत युरोपीय वंशाचे लोक फार, आपल्याकडचे थोडे. ट्वेंटीथ्री अँड मी ही या धंद्यातील मोठी कंपनी. २०२३ मध्ये तिच्याकडील सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती लागली आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. मग त्या ग्राहकांचे नमुने आणि माहिती ही विक्रीची मालमत्ता ठरली. पूर्वजांचा बाजार हा शब्द आम्ही शीर्षकात अलंकार म्हणून घातलेला नाही.

या तपासणीमुळे घराघरांत जे घडते त्याची बातमी होत नाही. दत्तक घेतलेल्या मुलाला, विवाहाआधी जन्मलेल्या मुलीला, तिऱ्हाइताच्या यंत्रातून आपली कथा कळते. ८७७ वे कलम पाहा. अविवाहित मातेचे मूल असेल तर तिचे मातृत्व उघड असल्यास, किंवा ती स्वतः लेखी अथवा दोन साक्षीदारांसमक्ष म्हणाल्यास, तिचे नाव लिहावे. बापाचेही पुरावा किंवा कबुली असेल तरच. एरवी फक्त बाळाचे नाव लिहावे. येथे वहीतील कोरी जागा मुद्दाम ठेवलेली आहे. ती हलगर्जीपणा नव्हे, ती पांघरूण आहे. यंत्राला हा फरक कसा कळावा? ते प्रत्येक कोरी जागा भरावयास धावते.

आणि वंशावळीचे वेड असलेल्या प्रत्येकाने मत्तयच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय पुन्हा वाचावा. बापामागून बाप अशी ती यादी चालते, मध्येच तामार येते, राहाब येते, रूथ येते, उरियाची पत्नी येते, म्हणजे आजच्या जात पडताळणीत ज्यांच्यामुळे फाइल अडेल अशा स्त्रिया येतात. शेवटी यादी योसेफापाशी पोहोचते, आणि तेथे रक्ताचा धागा संपतो. योसेफाने बाळाला नाव दिले, घर दिले, कसब शिकवले. तो बाप झाला. आपल्या तारणाऱ्याच्याच वंशावळीत थुंकीची तपासणी निरुपयोगी ठरते. हे ज्यांच्या पचनी पडत नाही त्यांनी टक्केवारी मिरवावी.

आमचा यंत्राला विरोध आहे असा निष्कर्ष कोणी काढील म्हणून स्पष्ट लिहितो: आम्हांला यंत्र हवे आहे, आणि ते आमच्या हातात हवे आहे. एक चांगला कॅमेरा, वर धरून ठेवणारी घोडी, दोन दिवे आणि दोन धीराची तरुण माणसे इतक्यावर एका धर्मग्रामाच्या जुन्या वह्यांची छायाचित्रे होतात. शताब्दीच्या कमानीला आणि ध्वनिक्षेपकाला जो खर्च होतो त्याच्या अंशात हे बसते. प्रती दोन कराव्यात आणि दोन वेगळ्या शहरांत ठेवाव्यात. त्या इंटरनेटवर नकोत; कुटुंबातील माणूस येईल त्याला त्याच्या घरची ओळ वाचून दाखवावी आणि तिची प्रत द्यावी, शेजारची ओळ झाकून.

वाचनाचे कामही संगणकावर सोपवून भागणार नाही. फ्रेंच फादर ‘ज’ लिहिताना डी आणि जे अशी दोन अक्षरे जोडत असे, ‘ळ’ त्याच्या लेखणीत नव्हताच. राजाराम आणि काळू शोधपेटीत सापडत नाहीत. शिवाय त्या नोंदींत पुष्कळदा आडनावच नसते. आता धर्मग्रामांच्या कार्यालयांत जी संगणकीय नोंदपद्धती येऊ घातली आहे, तिच्यात आडनावाचा रकाना सक्तीचा असतो. तो रिकामा ठेवला तर नोंद पुढे सरकत नाही. मग लिहिणारा मुलगा गावाचे नाव घालतो, नाही तर नुसते टिंब देतो. पन्नास वर्षांनी एखादा संशोधक टिंब आडनावाचे मोठे घराणे मराठवाड्यात नांदत होते असा प्रबंध लिहील. तिच्यात समासही नसतो. जुन्या वहीच्या समासात दृढीकरण, विवाह, कधी ‘मुंबईस गेला’, कधी ‘परत आला’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले आढळते. माणसाचे चरित्र तेथे असते. योहान्नेस, योहान आणि जनार्दन हे संगणकाला तीन माणसे वाटतात. ते एकच आहेत हे सांगणारी एक म्हातारी वस्तीत अजून जिवंत आहे. ती ऐंशीच्या पुढे आहे, तिला ऐकू कमी येते, आणि तिच्याकडे कोणी बसत नाही.

येथे आमचे धर्मग्रामस्थही सुटत नाहीत. लग्नात ड्रोन उडवणाऱ्या घरात नवरीच्या आजीचे माहेरचे नाव विचारा; चौघे चौघांच्या तोंडाकडे पाहतात. अमेरिकेतून नळी मागवून थुंकी पाठवायला हजारो रुपये आहेत, वह्यांसाठी लोखंडी पेटी घ्यावी म्हणून वर्गणी काढली की मंदीची चर्चा सुरू होते. दाखल्याची आठवण पासपोर्टच्या आणि विवाहाच्या वेळी होते, एरवी कपाटातील वही ही फादरची आणि तिची चिंताही फादरची.

नोव्हेंबर महिना मृतांच्या स्मरणाचा. त्या महिन्यात मिस्सासाठी मृतांची नावे कागदावर लिहून देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ते कागद पाहिले की बहुतेक आजोबांपाशी थांबतात, आणि आजीच्या जागी नुसते ‘आजी’ असे लिहिलेले असते. येत्या नोव्हेंबरात प्रत्येक घराने आजीचे स्वतःचे नाव, तिच्या आईचे नाव आणि माहेरचे गाव लिहून आणावे. कागद शाईने लिहिलेला असावा आणि हातोहात द्यावा. फोनवर पाठवलेला घेतला जाणार नाही.